मत कोणाचे मोजले जाते?

लोकमत आजमावण्याची एक नवी रीत गेल्या दहा वर्षांत सरकारदरबारी रूढ झाली आहे. संकेतस्थळावर प्रश्नावली टाकायची, तेथे येणाऱ्याने उत्तरांवर खुणा करायच्या आणि काही दिवसांनी 'इतके टक्के नागरिक समाधानी' असा आकडा जाहीर करायचा, अशी ही रीत आहे. केंद्र सरकारने 2016 साली 73 शहरांपासून आरंभलेले स्वच्छ सर्वेक्षण हे तिचे ठळक उदाहरण होय. 2019 च्या सर्वेक्षणात एकूण 5,000 गुणांपैकी 1,250 गुण नागरिकांच्या अभिप्रायासाठी राखून ठेवले होते, आणि हा अभिप्राय मुख्यतः मोबाइल, दूरध्वनी व संकेतस्थळ यांच्या मार्गाने गोळा होत होता. राज्यकर्त्यांनी लोकांना विचारावे, ही मागणी समाजवादी चळवळीने सातत्याने केली आहे. तेव्हा विचारण्याला विरोध असण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो कोणाला विचारले, काय विचारले आणि उत्तरांचे पुढे काय केले, हा.

हा प्रश्न जुना जालन्यात उभे राहून विचारला म्हणजे त्याचे खरे स्वरूप ध्यानात येते. कुंडलिकेच्या दोन तीरांवर वसलेल्या या शहराची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत सुमारे 2 लाख 85 हजार होती. बियाण्यांचा व्यापार, मोसंबीची बाजारपेठ आणि लोखंडी सळ्यांचे कारखाने यांवर शहराचे पोट चालते. निजामाच्या राजवटीतील घाणेवाडीचा तलाव आणि जायकवाडीहून आलेली जलवाहिनी यांवर त्याची तहान अवलंबून आहे. नळाला रोज पाणी न येणे हा येथील संसाराचा जुना अनुभव. आता कल्पना करावी, की पाणीपुरवठ्याबद्दल लोक समाधानी आहेत की नाहीत, हे संकेतस्थळावर विचारले गेले. भट्टीजवळच्या पाळीवरून थकून घरी परतलेला मजूर, नळाच्या वेळेसाठी काम बुडवून हंडे मांडून बसलेली बाई, परप्रांतातून आलेला आणि या शहरात शिधापत्रिकाही नसलेला कामगार, पहाटे रस्ते झाडणारी सफाई कामगार स्त्री यांपैकी किती जण ती प्रश्नावली उघडतील? उघडेल तो, ज्याच्या गच्चीवर टाकी आहे आणि हाताशी सवड आहे. मग जो आकडा निघेल तो शहराचा नसून सवडीचा असेल.

हा केवळ तर्क नव्हे. अमेरिकेत 1936 साली 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. 20 लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन विजयी होणार असे भाकीत झाले, पण प्रत्यक्षात 48 पैकी 46 राज्ये रूझवेल्टने जिंकली. पत्ते घेतले होते ते दूरध्वनी बाळगणाऱ्यांच्या व मोटारमालकांच्या याद्यांमधून, आणि मंदीच्या त्या दिवसांत गरिबाकडे यांपैकी काहीच नव्हते. शिवाय उत्तर देण्याची उत्सुकता असलेल्यांनीच मतपत्रिका परत पाठवल्या. त्याच वेळी गॅलपने कितीतरी लहान, पण नीट निवडलेला नमुना घेऊन निकाल बरोबर सांगितला. संख्येच्या ढिगाने निवडीतला दोष झाकला जात नाही, हा त्याचा धडा. आपल्याकडेही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया सुमारे 33 टक्के, तर पुरुष सुमारे 57 टक्के आढळले. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला हे खरे, पण ही दरी पुसली गेली असे मानून चालणे म्हणजे अर्ध्या समाजाला गृहीत धरणे होय.

दुसरा दोष प्रश्नातच दडलेला असतो. 2015 च्या अखेरीस फेसबुकने 'फ्री बेसिक्स' या योजनेसाठी आपल्या वापरकर्त्यांकडून तयार मजकुराची पत्रे दूरसंचार नियामकाकडे पाठविण्याची मोहीम चालवली. लक्षावधी संदेश आले, परंतु नियामकाने विचारलेल्या नेमक्या प्रश्नांची उत्तरे त्यांत नव्हती. नियामकाने ढिगाला भुलण्याचे नाकारले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये भेदभावपूर्ण दरआकारणीवर बंदी घातली. तयार उत्तर पुढे करून घेतलेली संमती ही संमती नव्हे, एवढे त्यावरून कार्यकर्त्यांनी लक्षात ठेवावे. 'आपल्या भागातील सुधारलेल्या स्वच्छतेबद्दल आपणांस काय वाटते?' अशा प्रश्नात उत्तर आधीच पेरलेले असते.

मग पाहणी करूच नये काय? अवश्य करावी, पण नीट करावी. धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी केली, आणि महालनोबिसांच्या प्रेरणेने 1950 साली राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली, ती घरांची शास्त्रशुद्ध निवड करून आणि दारोदार माणसे धाडून. संकेतस्थळावरील प्रश्नावलीला या परंपरेची जोड हवी. प्रत्येक प्रभागातील घरे चिठ्ठ्या टाकून निवडावीत. प्रश्न मराठी, उर्दू आणि हिंदीत, साध्या शब्दांत असावेत. 'माहीत नाही' आणि 'मुळीच नाही' या उत्तरांना जागा असावी. एका वेळी एकच गोष्ट विचारावी. नाव व मोबाइल क्रमांक मागितल्यावाचून काम भागत असेल, तर ते मागू नयेत, कारण कचेरीवर नाराजी नोंदवणाऱ्याला ओळखले जाण्याचे भय असते. किती जणांना विचारले, किती जणांनी उत्तर दिले आणि कोणत्या वस्तीतून एकही उत्तर आले नाही, हे आकड्याबरोबरच छापावे. आणि निर्णय घेण्यापूर्वी विचारावे. झालेल्या निर्णयावर शिक्का हवा म्हणून विचारू नये.

या सर्वांहून एक गोष्ट महत्त्वाची आहे. जालन्याची नगरपरिषद 2023 साली महानगरपालिका झाली, आणि तिची पहिली निवडणूक होण्यास जानेवारी 2026 उजाडला. दरम्यान राज्यातील बहुसंख्य नगरसंस्थांप्रमाणे येथेही प्रशासकाचा कारभार होता. ज्या काळात नगरसेवकाला जाब विचारण्याची सोय नव्हती, त्याच काळात अभिप्रायाच्या खिडक्या उघड्या होत्या, ही विसंगती नजरेआड करता येणार नाही. प्रश्नावलीत प्रश्न सत्ताधारी ठरवतो आणि नागरिक केवळ खूण करतो. सभेत, मोर्चात आणि मतपेटीपाशी मात्र प्रश्न विचारण्याचा अधिकार नागरिकाचा असतो. पहिला मार्ग दुसऱ्याला पूरक ठरला तर स्वागतार्ह आहे, पर्याय म्हणून पुढे केला गेला तर त्याला विरोध केलाच पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम त्यामुळे सरळ आहे. पालिकेची प्रश्नावली निघेल तेव्हा ती घेऊन वस्तीत बसावे, ज्यांना वाचता येत नाही त्यांना ती वाचून दाखवावी, उत्तर मात्र त्यांचेच लिहावे. आणि समाधानाचा आकडा जाहीर झाला, की तो कोणाच्या मतांवर उभा आहे, हे पालिकेला जाहीरपणे विचारावे. जो मोजला गेला नाही, त्याचे समाधान गृहीत धरण्याचा अधिकार कोणत्याही सरकारला नाही.