शाळा पोरकी आहे का?

सप्टेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र सरकारने दोन गोष्टी केल्या. सरकारी शाळा कंपन्यांना दत्तक द्यायची योजना आणली, आणि वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळांचे प्रस्ताव मागवले. दत्तक पोरक्याला देतात. आमच्या शाळांचे मायबाप तर जिवंत आहेत!

मी उर्दू-मराठी शिकवणारा मास्तर. एका खोलीत दोन इयत्ता घेतल्या आहेत. फळ्याच्या डावीकडे दुसरीची बेरीज, उजवीकडे चौथीचा मराठी धडा. वर म्हणतात, पट घटला. शिक्षकच नसतील तर पट टिकेल कसा? शाळा लांब गेली की आधी मुलगी घरी बसते.

लातूर-नांदेडात क्लासेसच्या फलकांवर नीटवाल्यांचे फोटो झळकतात. ती फी कुणाला परवडते? मोलमजुराच्या पोराला पहिलीपासून झेडपीचाच आधार.

जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगाला हेच सुनावलं: कर भरतो शेतकरी, पैसा जातो वरच्यांच्या शिक्षणावर. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाचे सहा टक्के मागितले. २०२० च्या धोरणातही तेच सहा टक्के! म्हणजे अजून मिळालेच नाहीत.

आणि आपण? मशिदीच्या मिनारासाठी चंदा जमवतो. शाळेत शिक्षक द्या म्हणून जिल्हा परिषदेत किती जण जातो? ‘इक़रा’, म्हणजे वाच, हा पहिला हुकूम आहे. खैरात नको, हक्काचा पैसा मागा.