तांब्याची रेघ आणि हातचे ज्ञान

आशय आणि आकृती यांची फारकत करता येत नाही, हे आम्ही मराठीचे अध्यापक वर्गात नेहमी सांगतो. या विधानाचे रोखठोक उदाहरण मात्र वाङ्मयाबाहेर, उच्च वारंवारतेसाठी घरी केलेल्या सर्किट बोर्डात सापडते.

कमी वारंवारतेला तांब्याची रेघ ही केवळ दोन घटकांमधली वाट असते. ती थोडी लांबली तरी फारसे बिघडत नाही. वारंवारता वाढली की रेघ स्वतःच घटक बनते. बारीक तारेच्या एका सेंटिमीटरचा इंडक्टन्स सुमारे १० नॅनोहेन्री धरला, तर १ गिगाहर्ट्झला तिचा अडथळा ६० ओहमच्या घरात जातो. म्हणूनच १.६ मिलिमीटर जाडीच्या एफआर-४ फलकावर ५० ओहमची वाहिनी हवी असल्यास पट्टी सुमारे ३ मिलिमीटर रुंद आणि मागचे तांबे अखंड ठेवावे लागते.

हे काम ब्लेडने तांबे कापून किंवा फेरिक क्लोराइडमध्ये फलक बुडवून घरी करता येते. जगदीशचंद्र बोस यांनी तर १८९० च्या दशकात कलकत्त्यात मिलिमीटर-लहरींवरील प्रयोगांसाठी उपकरणे स्वतः घडवली. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानांत धातूचा वर्ख घालून त्यांनी ध्रुवकाचे काम करून घेतले होते.

यावर आक्षेप असा, की कारखान्यातून थोडक्या पैशांत अधिक नेमका फलक मिळतो. शिवाय दोन्ही बाजू जोडणाऱ्या छिद्रांना आतून मुलामा देणे घरी कठीण, आणि उरलेले द्रावण गटारात ओतणे अक्षम्यच. हे सारे मान्य आहे. विक्रीचे यंत्र कारखान्यातच घडावे.

शिक्षणाचा प्रश्न निराळा आहे. प्रयोगशाळेतल्या तयार संचावर आकृती छापलेली असते. विद्यार्थी वायरी खोचतो, आकडे उतरवतो आणि उत्तीर्ण होतो. सूत्र मांडणारा विद्वान आणि हात काळे करणारा कारागीर ही आपली जुनी उतरंड त्यात अभंग राहते.

म्हणून प्रत्येक विद्यार्थ्याने निदान एक पट्टी स्वतः कापावी, असे आमचे मत आहे. १ गिगाहर्ट्झची उघड्या टोकाची पाव-लहरी पट्टी या फलकावर सुमारे ४ सेंटिमीटरची होते. तिचे टोक १ मिलिमीटर छाटले की वारंवारता सुमारे २५ मेगाहर्ट्झने वर सरकते. हे मापकावर पाहिलेल्याला सूत्र पाठ करावे लागत नाही.