विषाणूंचा पूर्वज एकच नव्हे

इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड येथे १९९२ मध्ये न्यूमोनियाच्या साथीचा माग काढताना एका शीतकरण मनोऱ्याच्या पाण्यात जीवाणूसारखे काही आढळले. तो विषाणू आहे, हे कळायला २००३ साल उजाडले. मिमिव्हायरस असे नाव मिळालेल्या या विषाणूच्या जनुकसंचात सुमारे १२ लाख अक्षरे होती. शिवाय प्रथिननिर्मितीस लागणारी काही जनुकेही, जे काम विषाणू सर्वस्वी यजमान पेशीवर सोपवतात असे मानले जाई. (असे महाकाय विषाणू पुढे मुंबईच्या पवई तलावातही सापडले.) विषाणू म्हणजे स्वावलंबन गमावलेल्या प्राचीन पेशी, या मताला त्यामुळे बळ मिळाले. काहींनी तर त्यांना सजीवसृष्टीची चौथी शाखा ठरवले. ती घाईच झाली.

ऑस्ट्रियातील सांडपाण्यात मिळालेल्या क्लोसन्यूव्हायरसकडे अशी जनुके आणखी अधिक होती; परंतु २०१७ च्या विश्लेषणात ती निरनिराळ्या यजमानांकडून हळूहळू उचललेली दिसली. मोठ्याचा लहान नव्हे, लहानाचाच मोठा झालेला हा विषाणू.

विषाणू पेशींच्याही आधीचे, किंवा पेशींतून निसटलेली जनुके, या अन्य दोन उपपत्तीही एकेकट्या पुरत नाहीत. अनेक विषाणूंची प्रतिकृतीची यंत्रणा अतिप्राचीन, तर कवचाची प्रथिने पेशींकडून आलेली दिसतात. आंतरराष्ट्रीय वर्गीकरण समितीने २०२० मध्ये मान्य केलेल्या रचनेतही विषाणूंचा एकच वंशवृक्ष नाही. करोना आणि देवी यांचे विषाणू तिच्यात सर्वोच्च पातळीवरच वेगळे पडतात. सर्व विषाणूंत समान असे एकही जनुक नाही. सर्वांवर चालणारे एकच औषध शोधणाऱ्यांची खरी अडचण हीच आहे.