विश्लेषण : विद्यार्थ्यांचा ताण मोजणारी प्रश्नावली आधी तपासायची कशी?

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात बजावले. गोरेगावच्या एखाद्या महाविद्यालयात मात्र विद्यार्थी काही हजार असतात. एक समुपदेशक सगळ्यांशी बोलणार कधी? म्हणून आधी प्रश्नावली भरून घ्यायची आणि जास्त गुण आलेल्यांना बोलवायचे, हा सोपा मार्ग. पण दुकानदाराच्या काट्यावरही वैधमापन विभागाचा शिक्का लागतो. मनाचे माप घेणारी प्रश्नावली बिनशिक्क्याची कशी चालेल?

भाषांतर पुरेसे का नाही?

‘के-१०’ ही अशीच एक प्रश्नावली. गेल्या ३० दिवसांवर १० प्रश्न, एकूण गुण १० ते ५०. त्यातला एक प्रश्न विनाकारण थकवा येतो का, असा आहे. विरारहून सकाळच्या लोकलला लटकून येणाऱ्या मुलीचा थकवा विनाकारण नसतो. तिने काय उत्तर द्यावे? ‘नर्व्हस’चा घोळ त्याहून मोठा. इंग्रजीत त्याचा अर्थ धास्तावलेला. मराठी घरात ‘ती जरा नर्व्हस आहे’ म्हणजे ती उदास आहे. शब्द तसाच ठेवला तर चिंतेचा प्रश्न उदासीचा होतो आणि गुणांची बेरीज करणाऱ्याला ते कळतही नाही.

म्हणून भाषांतर दुसऱ्या व्यक्तीकडून पुन्हा इंग्रजीत करून ताडून पाहतात. मग काही विद्यार्थ्यांना समोर बसवून ‘या प्रश्नातून तुला काय समजले?’ असे विचारतात. अनेक अहवाल ‘क्रोनबाख अल्फा’ हा आकडा चांगला आला की थांबतात. प्रश्न एकमेकांशी जुळतात, एवढेच तो सांगतो. खरी कसोटी पुढची : त्याच विद्यार्थ्यांची, त्यांचे गुण माहीत नसलेल्या तज्ज्ञाने सविस्तर मुलाखत घ्यायची आणि दोन्ही निष्कर्ष ताडायचे. गोव्यात विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी ‘के-१०’, ‘जीएचक्यू-१२’ यांसह पाच प्रश्नावल्या अशाच तपासल्या. तो अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र ते प्राथमिक उपचारांसाठी आलेले रुग्ण होते, विद्यार्थी नव्हे. तिथली सीमारेषा गोरेगावच्या वर्गात जशीच्या तशी लावता येत नाही.

सीमारेषा चुकली तर?

समजा, १,००० विद्यार्थ्यांपैकी १०० खरोखर त्रासात आहेत. प्रश्नावली त्यांतल्या ८० टक्क्यांना पकडते आणि ठीक असलेल्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर वगळते. ऐकायला छान. हिशेब असा : ८० जण सापडले, २० निसटले आणि ठीक असलेले १८० जणही यादीत आले. समुपदेशकाच्या दारात २६० जणांची रांग, त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिकांना तातडीची गरज नाही. सीमारेषा वर नेली तर रांग घटते, पण निसटणारे वाढतात. यातले काय पत्करायचे हे महाविद्यालयाने आधीच ठरवायला हवे; फॉर्म वाटून झाल्यावर नव्हे.

काही प्रश्नांबाबत तर बेरीज गौणच आहे. ‘पीएचक्यू-९’चा नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे होकार आला तर एकूण गुण कितीही असोत, त्याच दिवशी कुणीतरी त्या विद्यार्थ्याशी बोलले पाहिजे. निनावी फॉर्ममध्ये हे शक्यच नाही. तसा फॉर्म वाटायचा असेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मोफत हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक किमान त्याच पानावर ठळक छापावा.