क्लचचे काम रोवणीत नको, वैशाखात करा

पाणी पडले, बांध्या भरल्या, पऱ्हे रोवणीला आले, आणि नेमका तेव्हाच ट्रॅक्टर चिखलात अडून बसतो. इंजिन ओरडते, चाक हलत नाही, जळका वास येतो. क्लच प्लेट गेली! सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीपासून आरमोरी-वडसापर्यंत धानपट्ट्यात हे काही नवे नाही.

मग धावपळ. मिस्त्रीला दहा गावांची बोलावणी. दगड-लाकडाच्या टेकूवर ट्रॅक्टर मधून सोडवायचा, नुसती प्लेट बदलायची, की झाले! टेकू सरकला तर माणूस जातो, हे कोण पाहतो? आणि एवढे उघडल्यावर प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, फ्लायव्हीलचा घासलेला भाग अन् इंजिनचे मागचे ऑइल सील तपासायला नको का? सील गळत असेल तर नवी प्लेटही घसरणारच.

कोणी सांगतो, ‘सिरॅमिक प्लेट टाका.’ ती उष्णता जास्त सोसते हे खरे. पण ती धक्क्याने पकडते आणि तो धक्का गिअरला बसतो. रोटाव्हेटर चालवणाऱ्याला डबल क्लच जास्त कामाचा. त्यात पेडल अर्धे दाबले की चाक थांबते, रोटाव्हेटर फिरत राहतो. मात्र आपल्या मॉडेलला तो बसतो का, हे आधी विचारा.

खरा दोष सवयीचा. आपली पोरे आज जेसीबीवर, उद्या ट्रॅक्टरवर. जेसीबीत टॉर्क कन्व्हर्टर असतो. इंजिनची ताकद तेलातून पुढे जाते, तापलेले तेल कूलरमध्ये थंड होते. म्हणून ढिगाऱ्याला बकेट रेटून धरली तरी चालते. आपल्या बहुतेक ट्रॅक्टरची प्लेट कोरडी. हाफ क्लचवर ओढले, पेडलवर पाय ठेवून चिखलणी केली, की ती जळालीच. पेडलचा मोकळा खेळ पुस्तिकेप्रमाणे ठेवा. काही ट्रॅक्टरच्या क्लच हाउसिंगला खाली बूच असते. चिखलणीपुरते ते लावा, नंतर काढून आतले पाणी-तेल वाहू द्या.

आता सरपंच आणि अधिकारी मंडळींना एक विचारणे आहे. कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ मध्ये सुरू झाले, अनुदानावर ट्रॅक्टर आले, अवजारे बँका झाल्या. पण दुरुस्तीचे काय? अवजारे बँकेत ट्रॅक्टर सोडवायचा मजबूत स्टँड आणि प्लेट मध्यावर बसवायचा दांडा ठेवायला किती खर्च येतो? आयटीआयमध्ये ‘मेकॅनिक ट्रॅक्टर’ हा ट्रेड आहे. गावची दोन पोरे तिकडे पाठवा. मृगाआधी एक दिवस ग्रामपंचायतीसमोर सारे ट्रॅक्टर उभे करून तपासणी घ्या.

तहान लागल्यावर विहीर खणण्यात शहाणपण नाही. वैशाखात दोन दिवस ट्रॅक्टर उभा राहिला तर काही बिघडत नाही. रोवणीत दोन दिवस गेले तर पऱ्हे वाट पाहत नाहीत.