घरसंसार : खाऱ्या पाण्याला फेस येईना



दर्यापूर तालुक्यातल्या एका बहिणीचे पत्र समोर आहे. फोनवर पाहून तिने घरी कपड्यांची पावडर केली. साबण किसला, त्यात धुण्याचा सोडा आणि टाकणखार मिसळला. पैसे वाचतील आणि चार शेजारणींनाही विकता येईल, असा हिशोब होता. महिनाभरात घरातले पांढरे कपडे राखाडी पडले, टॉवेल पापडासारखे कडक झाले. जुम्याच्या दिवशी मालकांचा कुर्ता पाहून सासूबाई म्हणाल्या, “या कपड्यांत नमाज तरी होते का?” हे वाक्य तिच्या मनाला लागले आहे. तिने तीन प्रश्न विचारले आहेत : माझे काय चुकले, हे कपडे पाक आहेत का, आणि ही पावडर विकू का?

दुसरा प्रश्न सर्वांत जड आहे, म्हणून तो आधी घेते. कपडा पाक होतो तो पाण्याने. साबण मळ काढायला मदत करतो, पण पाक होण्यासाठी त्याची अट नाही. आपल्याकडे बहुतेक घरे हनफी आहेत. त्या मसलकीप्रमाणे डोळ्यांना दिसणारी नजासत असेल तर ती निघेपर्यंत धुवायचे. नंतर सहज न जाणारा फिका डाग राहिला तरी हरकत नाही. न दिसणारी नजासत असेल तर तीनदा धुवून प्रत्येक वेळी पिळायचे. पाणी खारे असले म्हणूनही काही बिघडत नाही. समुद्राचे पाणीसुद्धा पाक करणारे आहे, हे हदीसमध्ये आलेले आहे. तेव्हा बहिणी, तुमच्या घरच्या नमाजांची काळजी करू नका. राखाडी कपडा दिसायला वाईट असेल, पण तेवढ्याने तो नापाक होत नाही. बारीक मसला असेल तर गावातल्या आलिमांना विचारा, आणि सासूबाईंनाही हे शांतपणे सांगा.

आता चूक कुठे झाली ते पाहू. कृती परगावची आहे आणि पाणी आपले. पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरला आहे. इथल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात मीठ असते, बऱ्याच ठिकाणी चुन्यासारखे क्षारही असतात. तेलापासून बनलेला साबण या क्षारांना भेटला की त्याचा चिकट साका होतो. तोच साका कपड्यावर बसतो आणि कपडा राखाडी, कडक होतो. मिठामुळेही साबण नीट विरघळत नाही. कपडा जुना किंवा हात आळशी, असे काही नाही.

सोडा यावर किती चालतो? धुण्याचा सोडा चुन्याचे क्षार खाली बसवतो. मीठ मात्र त्याने जात नाही. म्हणून आधी पाण्याची परीक्षा करा. तीन सारख्या बाटल्या घ्या. एकीत पावसाचे किंवा पिण्याच्या जारचे पाणी, दुसरीत बोअरचे पाणी, तिसरीत बोअरच्या पाण्यात चिमूटभर धुण्याचा सोडा. प्रत्येकीत साध्या तेलाच्या साबणाचा सारखाच कीस टाकून जोरात हलवा. डिटर्जंटची वडी घेऊ नका, तिच्याने परीक्षा होणार नाही. तिसऱ्या बाटलीत फेस चांगला आला तर तुमची अडचण चुन्याची. तिसरीतही फेस बसला तर अडचण मिठाची.

चुन्याची असेल तर रात्री १५ लिटरच्या बादलीत दोन चमचे धुण्याचा सोडा विरघळवून ठेवा. सकाळी गढूळ भाग तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी काढून त्यात साबणाने धुवा. हा खाण्याचा सोडा नव्हे, दोन्ही वेगळे आहेत. लोकर आणि रेशमाला सोडा लावू नका. हाताला चीर असेल तर हातमोजे घाला.

मिठाची असेल तर किसलेल्या साबणाचा नाद सोडा आणि रिठा घ्या. रिठ्याचा फेस अशा पाण्यात साबणासारखा फाटत नाही. बिया काढलेली १०० ग्रॅम टरफले एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी १५ ते २० मिनिटे उकळा, कुस्करून गाळा. बादलीला एक वाटी पुरते. हे पाणी तीन-चार दिवसांत आंबते, म्हणून थोडेच करा. डोळ्यांत जाऊ देऊ नका, फार झोंबते. रंगीत ओढण्या आणि लोकरीला रिठा उत्तम आहे. तेलाच्या आणि हळदीच्या डागापुढे मात्र तो कमी पडतो. तिथे बाजारची पावडर थोडी वापरली तर कमीपणा नाही. ती अशा पाण्यातही काम करते. शेवटचा एक खंगाळा जमेल तेव्हा गोड्या पाण्याचा द्या, म्हणजे वाळल्यावर मीठ कपड्यात राहणार नाही. पावसाळ्यात पत्र्याचे पाणी साठवले तर तेच कामी येते.

राहिला विकण्याचा प्रश्न. १९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घराच्या मागे पावडर बनवून सायकलवर विकली आणि त्यातून निरमा उभी राहिली. ही गोष्ट सांगून पुष्कळ जण घरी धंदा सुरू करायला सांगतात. पण पटेल रसायनशास्त्र शिकलेले होते, हे सांगायचे राहून जाते. अशा पावडरीत ॲसिड स्लरी लागते. ती कातडी भाजते, डोळ्यांत गेली तर इजा करते, सोड्यात ओतताना उसळते. लहान मुले वावरतात त्या घरात, नीट शिकल्याशिवाय हे करू नका. कॉस्टिक सोडा आणि तेलाच्या साबणालाही हेच लागू आहे. आणि संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचमध्ये कधीच मिसळू नका, त्यातून विषारी वायू निघतो.

तुम्ही केलेली साबणाची पावडर तुमच्याच पाण्यात चालत नाही, तर ती त्याच पाण्याच्या शेजारणीला विकणे बरोबर नाही. धान्याच्या ढिगात आतला ओला भाग लपवणाऱ्या व्यापाऱ्याला आपल्या रसूलांनी (सल्ल.) टोकले होते, हे आपण सर्वजणी जाणतो. वजन वाढावे म्हणून पावडरीत मीठ घालणे हाही तसाच प्रकार. विकायचेच असेल तर वाळवून कुटलेली रिठ्याची पूड विका. कुटताना नाकाला फडके बांधा. कोरड्या डब्यात ती महिनोन्‌महिने टिकते. दोन-तीन चमचे पूड पुरचुंडीत बांधून गरम पाण्यात सोडायची, एवढीच कृती आहे. पाकिटावर आत काय आहे, वजन किती आणि कोणता डाग निघणार नाही, हे तिन्ही लिहा. शेवटची ओळ वाचून एखादे गिऱ्हाईक परत जाईल, पण घेईल ती पुन्हा येईल.

एक गोष्ट आणखी. सोड्याचे पाणी झाडांना घालू नका, आपली जमीन आधीच खारी आहे. शेवटच्या खंगाळ्याचे पाणी मात्र ओसरी धुवायला ठेवा. वजू करतानाही पाणी उधळू नये अशी आपल्याला शिकवण आहे, मग धुण्याचे पाणी का उधळावे?

बाटल्यांची परीक्षा करून कोणत्या बाटलीत किती फेस आला ते मला जरूर कळवा. तुमच्या गावचे पाणी कसे आहे हे त्यातून इतर बहिणींनाही कळेल. अल्लाह तुमच्या हातांत बरकत देवो. आमीन.