ताम्रपटावर किल्ली कोरू नये

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट या गावी सापडला. त्याला सुमारे सोळाशे वर्षे झाली, तरी अक्षरे आजही वाचता येतात. तांब्यावर कोरलेले सहजासहजी पुसले जात नाही. संगणकाच्या जगातही असा एक ताम्रपट आहे.

त्याचे नाव गिट. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली तयार केलेली ही प्रणाली फाइलींतील प्रत्येक बदलाची नोंद ठेवते. चूक झाली तर कालची आवृत्ती परत मिळते. पण हाच गुण कधी घातक ठरतो.

समजा, आपल्या जिल्ह्यातील एका शाळेने स्वयंचलित पर्जन्यमापक बनवला. पावसाचे आकडे इंटरनेटवर जावेत म्हणून विद्यार्थ्यांनी वाय-फायचा पासवर्ड आणि साठवणसेवेची गुप्त किल्ली सेटिंगच्या फाइलीत लिहिली व सारे काम गिटहबवर सर्वांसाठी खुले केले. दुसऱ्या दिवशी चूक ध्यानात आली. ती ओळ पुसली. किल्ली गेली का? नाही! जुन्या आवृत्तीत ती तशीच राहिली. शिवाय तोवर कोणी तिची नक्कलही केली असेल.

मोठेही असे चुकतात. टोयोटाच्या एका सेवेच्या प्रोग्रॅमचा काही भाग डिसेंबर २०१७ पासून सप्टेंबर २०२२ पर्यंत गिटहबवर उघडा होता. त्यात माहितीसाठ्याची किल्ली होती. २,९६,०१९ ग्राहकांचे ई-मेल पत्ते बाहेर गेले असण्याची शक्यता कंपनीला जाहीर करावी लागली.

यावर काही शिक्षक म्हणतील, “मग काम खुले करूच नका.” हे मला पटत नाही. आपली रीत आणि आपले आकडे सर्वांपुढे ठेवणे हाच विज्ञानाचा धर्म आहे. मात्र प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली कोणी प्रबंधात छापत नाही!

उपाय सोपा आहे. गुप्त गोष्टी वेगळ्या फाइलीत ठेवाव्यात आणि ती फाइल वगळण्याची सूचना गिटला आरंभीच द्यावी. इतरांसाठी रिकाम्या जागा असलेली नमुना-फाइल द्यावी. तरीही किल्ली बाहेर गेलीच, तर आधी ती रद्द करून नवी घ्यावी; पुसापुशी नंतर.

शाळेच्या प्रकल्पात चोरण्यासारखे काय असते, असे म्हणू नका. पासवर्ड साऱ्या शाळेचा असतो, आणि सवय जन्मभराची. म्हणून प्रोग्रॅमचा पहिला धडा शिकवतानाच हाही धडा द्यावा.